आतून लागलेलं रक्त

नाटकातलं रक्त साखरेचं असतं. साखरेचा पाक, लाल रंग आणि दाटपणासाठी चिमूटभर मैदा. कोमट पाण्यात ते पहिल्याच बुडीत सुटतं. खऱ्या रक्ताला कोमट पाणी चालत नाही. ते शिजतं, तपकिरी होतं आणि धाग्यात कायमचं बसतं. त्याला थंडगार पाणी आणि मूठभर मीठ लागतं.

म्हणून त्या सोमवारी सकाळी आत्याने सेनापतीची पांढरी बंडी कोमट पाण्यात टाकली आणि डाग सुटायच्या ऐवजी काळपट व्हायला लागला, तेव्हा तिने ती चटका बसल्यासारखी बाहेर ओढली. बंडी उलटी केली. आतल्या बाजूने डाग जास्त गडद होता. म्हणजे रक्त बाहेरून उडालं नव्हतं, आतून आलं होतं.

आत्या ही नाटक कंपनीची कपडेवाली. कंपनीचा मालक तिच्या भावाचा मुलगा. तो तिला आत्या म्हणायचा म्हणून नटांपासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सगळेच आत्या म्हणायला लागले. थिएटरच्या मागच्या अंगणात एक नळ, दोन मोठे टब, चार दोऱ्या आणि पत्र्याची एक शेड, हे तिचं राज्य. तिथे तिचेच कायदे. मखमल पिळायची नाही, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. रंगीत कपडा उलटा करून धुवायचा आणि सावलीत आडवा वाळवायचा. दोरीवर लटकवला की पाण्याच्या वजनाने खांदे उतरतात. गळपट्टीला ब्रश लावायचा नाही, बोटाने चोळायचं. राजाचा जांभळा झगा अठरा वर्षं जुना होता आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला तो कालच शिवून आणल्यासारखा दिसायचा. "आत्या कपड्यांना मरू देत नाही," मालक म्हणायचा, "नट मेले तरी चालतील."

सेनापतीचं काम करणारा आत्याचा जावई. पूर्वी तो कंपनीत पेट्या उचलायचा तेव्हा ती त्याला अरे-तुरे करायची, वेळप्रसंगी पाठीत धपाटाही घालायची. लेकीशी लग्न झाल्यावर तिने एका दिवसात अहो-जाहो सुरू केलं. त्यालाच त्याची लाज वाटायची.

"जावईबापू, जरा शर्ट काढा बघू," ती बंडी घेऊन त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला गेली होती.

"खिळा लागला आत्या. विंगेत खिळा आहे एक."

"खिळा बंडीच्या आत होता का?"

तो हसला, पण हसताना त्याने बरगडीला हात लावला. आत्याने पुढे होऊन शर्ट वर केला. डाव्या कुशीत हिरवे, पिवळे, जांभळे असे तीन वेगवेगळ्या दिवसांचे वळ होते. त्यांच्यामध्ये बोटभर लांबीची जखम होती, कडेने सुजलेली.

"कोणी?"

"नाटकात लागतं थोडंफार."

"सहा वर्षं नाही लागलं ते?"

मग त्याने सांगितलं. तिसऱ्या अंकात राजा आणि सेनापतीची लढाई व्हायची आणि राजा सेनापतीला मारायचा. तलवारी पोलादी होत्या, खणखणाट व्हावा म्हणून, पण बोथट. शेवटचा वार डाव्या काखेखालून, हात आणि अंग यांच्यामधल्या फटीतून जायचा. समोरून बघणाऱ्याला वाटायचं, तलवार छातीतून आरपार गेली. हे गणित दोघांनी शेकडो वेळा बिनचूक केलं होतं. महिन्याभरापूर्वी मालकाने जाहीर केलं, पुढच्या हंगामापासून राजाचं काम जावई करील आणि आताचा राजा म्हातारा प्रधान होईल. त्या आठवड्यापासून मार खरा बसायला लागला. आधी कोपर. मग तलवारीची मूठ. मग टोक.

"मग बोला ना मालकाशी!"

"काय बोलू? राजा मला मारतो म्हणून? उद्या मलाच राजा व्हायचंय आत्या. लोक हसतील. बारा प्रयोग राहिलेत, काढतो."

आत्या स्वतःच मालकाकडे गेली. तो आरशासमोर बसून दाढी करत होता. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"रक्त आहे? मग धुऊन टाक."

"तुला ऐकू येतंय का मी काय म्हणतेय ते?"

"आत्या, थिएटर भरलंय. लोक म्हणतात, लढाई आता कुठे खरी वाटते. दोघं पुरुष माणसं आहेत, बघून घेतील." त्याने गालावरचा फेस पुसला. "आणि तू कपड्यांचं बघ. त्यात तुझा हात कोणी धरू शकत नाही."

बुधवारच्या प्रयोगाला ती पहिल्यांदा विंगेत जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने नाटक कधी धड पाहिलं नव्हतं. तिसरा अंक सुरू झाला की ती दुसऱ्या अंकाचे कपडे भिजत घालायला जायची.

राजा उंच होता, पन्नाशी उलटलेला, आवाज विहिरीतून आल्यासारखा. चौथ्या वाराला त्याने जावयाची तलवार वर अडवली, अंगाशी अंग भिडवलं आणि प्रेक्षकांकडे पाठ करून तलवारीची मूठ त्याच्या तोंडावर मारली. आत्याला दात फुटल्याचा आवाज आला. जावई मागे कोलमडला. राजाने त्याला पडू दिलं नाही, केसांना धरून उभं केलं आणि गुडघा पोटात घातला. एकदा. पुन्हा एकदा. जावयाच्या हनुवटीवरून लाळ आणि रक्ताची दोरी लोंबत होती. प्रेक्षकांत एक बाई "अरे देवा" म्हणाली आणि मग सगळं थिएटर टाळ्यांनी दणाणलं. शेवटचा वार झाला. जावई पडला. तो मेल्याचं सोंग करत होता, पण त्याचं पोट भात्यासारखं हलत होतं.

पडदा पडल्यावर राजा कपडे द्यायला स्वतः अंगणात आला. नेहमी यायचा. झगा नीट घडी करून आणणारा तो एकटाच नट.

"आत्याबाई, बाहीवर डाग पडलाय. निघेल ना?"

"कोणाचा आहे?"

त्याने झग्याची बाही घडीत आत दुमडली.

ह्या माणसाने आत्याच्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात तीन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढले होते. तिला डबा आणून दिला होता. ते आठवून तिचा आवाज खाली आला. "कशाला करता हे? पोर आहे तो माझा."

"अठरा वर्षं मी राजा आहे," तो म्हणाला. "आता हा माझा झगा घालणार. तुम्ही त्याला तो आखूड करून देणार. मी काठी टेकत 'महाराजांचा विजय असो' म्हणणार. त्याला! पेट्या उचलायचा तो माझ्या." त्याच्या कपाळावरची शीर उडत होती. "लोकांना खरं मरण बघायचंय आत्याबाई. टाळ्या ऐकल्यात ना?"

"मी मालकाला सांगेन."

"सांगितलंयत तुम्ही. मला कळलं." तो नळाखाली हात धुऊन, तिच्याच टॉवेलला पुसून निघून गेला.

त्या दिवशी सेनापतीचा लाल मखमली अंगरखा ती फार हळू धुवत होती. बोथट तलवार घासली की मखमलीवर शाईसारखी राखाडी रेघ उमटते. दर प्रयोगाला ती रेघ डाव्या काखेखाली, शिवणीच्या मागे असायची. आत्या ती साबणाच्या फेसाने टिपून काढायची. आता तिने अंगरखा फळीवर पसरला आणि बोटांनी मोजलं. रेघ शिवणीच्या पुढे आली होती. तीन बोटं पुढे, छातीकडे. आणि रेघेच्या टोकाला नखाएवढी चीर होती.

तिने चष्मा लावला. झिजून फाटलेल्या कापडाचे धागे आधी विरळ होतात, केसाळ होतात. ओढून फाटलं तर चीर विणीच्या रेषेने सरळ धावते. ही चीर तिरकी होती आणि प्रत्येक धागा एका मापाचा तुटला होता, कात्रीने कापल्यासारखा. बोथट तलवारीने हे होत नाही.

ती तडक हत्यारांच्या पेटीकडे गेली. जावयाची तलवार होती. राजाची नव्हती. पडदेवाला म्हातारा म्हणाला, "ते हल्ली घरी नेतात. घासूनपुसून आणतो म्हणाले."

"त्याने धार लावलीय," आत्याने जावयाला सांगितलं. लेकही होती तेव्हा. नवऱ्याचा फुटलेला दात बघून आधीच तिचं डोकं फिरलं होतं.

"रविवारच्या प्रयोगाला जाऊ नका," लेक म्हणाली. "पाय मुरगळला म्हणा, काहीही म्हणा."

"नखाएवढ्या चिरेवरून घरी बसू? मी त्याची तलवार रोज बघतो, समोरून. काही धार नाही तिला."

"तुम्ही तलवार बघता," आत्या म्हणाली, "मी कापड बघते."

पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. आता त्याच्या डोक्यातही काहीतरी शिरलं होतं. आरशासमोर उभा राहून तो मुठी वळत होता. "रविवारी मीही दोन देणार आहे," तो म्हणाला.

मालकाकडे पुन्हा जाण्यात अर्थ नव्हता. आत्याने शनिवारचा दिवस शिवणात घालवला. जुन्या पडद्याचं जाड किंतान घेतलं, त्याचे सहा थर एकावर एक ठेवले, मध्ये एका टाकाऊ पट्ट्याचं चामडं घातलं आणि आडवे-उभे टाके मारून ती गादी अंगरख्याच्या डाव्या अस्तरात बसवली. सुई चामड्यातून जाईना. तिने ती पक्कडीने ओढली. दोन सुया मोडल्या, अंगठ्याला भोक पडलं.

रविवारी दुपारी जावयाने अंगरखा चढवला आणि खांदा उडवला. "जड का लागतोय?"

"ओला आहे अजून. मखमल लवकर सुकत नाही."

"आत्या, तुम्ही ओला कपडा कधी दिलाय?"

"आज दिला. व्हा पुढे."

ती बादलीभर थंड पाणी आणि एक ओली चादर घेऊन विंगेत बसली. बादली कशाला, हे तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

लढाई पहिल्या वारापासूनच नाटक राहिली नाही. जावयाने ठरवल्याप्रमाणे दोन दिले, एक खांद्यावर आणि एक कानावर. राजाचा कान फाटला आणि जांभळ्या झग्याच्या गळ्यावरून रक्त ओघळलं. राजाच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, सुटका होती, जणू त्याला हवं ते कारण मिळालं. त्याने सगळे शिकलेले वार सोडले. सरळ पुढे आला. जावयाने तलवार आडवी धरली, ती राजाने हाणून दूर उडवली आणि टोक छातीत खुपसलं.

काखेखालच्या फटीत नाही. छातीत.

किंतानाचे सहा थर कापत टोक चामड्यापर्यंत गेलं, तिथे अडलं आणि घसरलं. घसरून ते दंडाच्या आतल्या बाजूने शिरलं आणि मागून बाहेर आलं. जावई ओरडला. ते ओरडणं त्याच्या भूमिकेत नव्हतं. सेनापती न बोलता मरायचा.

राजाने तलवार ओढली. ती गादीत अडकली होती. त्याने पाय जावयाच्या मांडीवर रोवून पुन्हा ओढली, ती एकदम निघाली आणि त्या ओढाताणीत मूठ त्याच्या घामेजल्या हातातून सुटली. तलवार खाली पडली. आता राजाच्या हातात काही नव्हतं.

इथे थांबायला हवं होतं. आत्या नंतर कित्येकदा हेच म्हणाली.

जावयाने त्याला डोक्याने नाकावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत गेला असेल. राजा सिंहासनावर आदळला, सिंहासन उलटलं. जावई त्याच्या छातीवर बसला आणि धड हाताने मारत सुटला. डोळ्यावर, तोंडावर, पुन्हा डोळ्यावर. दुसरा हात लुळा लोंबत होता आणि त्यातून रक्त दोघांवरही टपटपत होतं. राजाने त्याच्या मनगटाचा चावा घेतला, मांस सुटेपर्यंत. जावयाने सिंहासनाचा मोडका पाय उचलला आणि राजाचा उजवा पंजा फळीवर ठेचला. एकदा, दोनदा, तीनदा. बोटं वाकडी झाली. राजा आता ओरडतही नव्हता, घशातून घरघरत होता. तरी लाकूड वर जात होतं आणि खाली येत होतं.

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कोणीतरी शिट्टी मारली.

"पडदा!" आत्या किंचाळली. "पडदा टाक मेल्या!"

पडदेवाला दोरी धरून थिजला होता. आत्या रंगमंचावर धावली. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, ओला एप्रन, हातात बादली आणि चादर. लोक हसले. तिने बादली जावयाच्या डोक्यावर ओतली. त्याला कळलंच नाही. मग तिने ओली चादर मागून त्याच्या गळ्यात टाकली आणि सगळं अंग मागे झोकून ओढली. "सोड! सोड त्याला! मरेल तो!" अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं होतं. त्याने न बघता मागे कोपर मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. दोन दात जिभेवर आले. तिने ते थुंकले आणि चादर सोडली नाही. तिला आयुष्यभर ओली गाठोडी उचलायची सवय होती. ती पाठीवर पडली तेव्हा जावईही तिच्या अंगावर पडला आणि तिने त्याला हातापायांनी जखडून धरलं.

"आई," तो म्हणाला. त्याने तिला कधी आई म्हटलं नव्हतं. मग तो रडायला लागला.

तेव्हा कुठे पडदा पडला. बाहेर टाळ्या चालूच होत्या.

राजा जगला. उजवा डोळा गेला, पंजा पुन्हा मिटला नाही. जावयाच्या दंडाला बावीस टाके पडले. पोलीस दोघांनाही दवाखान्यातूनच घेऊन गेले. एका पोलीस अधिकाऱ्याने रक्ताने कडक झालेला लाल अंगरखा आत्याकडून मागून घेतला आणि बजावलं, "बाई, धुवायचा नाही हं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते. "पण घडी मी घालते. तुमच्या माणसाने बोळा केलाय."

खटल्यात अंगरख्याने राजाला बुडवलं. आत्याने न्यायाधीशांसमोर गादी उसवून दाखवली, चीर दाखवली, तुटलेले धागे भिंगाखाली मोजून दाखवले. राजाच्या वकिलाने विचारलं, धुणं धुणाऱ्या बाईला हत्यारांतलं काय कळतं? ती म्हणाली, "हत्यारांतलं काही नाही साहेब. फाटलेलं आणि कापलेलं यातला फरक कळतो." वकील खाली बसला. मग थोड्या वेळाने पुन्हा उठला.

"माझ्या अशिलाच्या हातून तलवार पडल्यावर तुमच्या जावयाने किती वार केले?"

लेक समोर बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि मान अगदी बारीक हलवली, नाही म्हणून.

"मोजले नाहीत," आत्या म्हणाली. "पण तो माणूस हलायचा थांबला, त्यानंतरही चालू होतं. मी ओढलं नसतं तर मेला असता."

राजाला सात वर्षांची शिक्षा झाली, जावयाला दीड वर्षाची. बाहेर व्हरांड्यात लेकीने विचारलं, "आठवत नाही म्हटलं असतंस तर जीभ झडली असती का तुझी?"

"आठवत होतं ना गं."

"मग ते तुझ्यापाशीच ठेव जपून," लेक म्हणाली आणि निघून गेली. पुढचे आठ महिने ती आईशी बोलली नाही. खोली बदलून पलीकडच्या रस्त्याला राहायला गेली.

कंपनी बंद पडली. मालकाने एकदा येऊन आत्याचे पाय धरले आणि रडला. तिने त्याला पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. एका शिवणकाम शाळेने तिला बोलावलं, मुलींना कपड्यांची निगा शिकवायला. आठवड्यातून तीन दिवस ती जायची. दोन नवे दात बसवले होते, ते बोलताना थोडे वाजायचे. मुली चोरून हसायच्या. तिला चालायचं.

नवव्या महिन्यात लेक तिच्या दारात आली. हातात पिशवी होती. "भेटायला चाललेय त्यांना," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "विचारत होते, तू का येत नाहीस."

"त्यांनी विचारलं?"

"हो. म्हणाले, आईला घेऊन ये."

आत्याने चपला शोधल्या. जिन्यात लेक पुढे होती. अर्ध्यावर ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "माझा राग गेलेला नाहीये."

"बरं," आत्या म्हणाली. "कठड्याला धरून उतर, पायरी ओली आहे."

भेटीच्या खोलीत लांब टेबल होतं. जावई बारीक झाला होता, डावा हात कोपरात पुरता सरळ होत नव्हता. तो उभा राहिला, पुन्हा बसला. मग त्याने टेबलावर वाकून तिचं तोंड नीट बघितलं. "दात माझ्यामुळे गेले ना?"

"तुमच्याच कोपराने."

"मला तुमचाही राग आला होता. कोर्टात."

"येणारच."

"रात्री मला त्याची बोटं दिसतात," तो हळू म्हणाला. "त्याने मला मारलं ते दिसत नाही. मी मारलं तेच दिसतं."

आत्याने टेबलावरून हात पुढे केला. चालतं की नाही म्हणून त्याने पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकरी खिडकीबाहेर बघत होता. मग जावयाने तो हात धरला, आणि लेक खुर्ची ओढून दोघांच्या मध्ये बसली.